लिनक्स बसवल्यानंतरची दुसरी सकाळ

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि झेरॉक्सची दुकाने यांच्याकडचे धडधाकट संगणक अचानक जुने ठरले. ते मोडीत न घालता त्यांवर विंडोजच्या जागी चालणारा मोफत लिनक्स बसवून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पण तो नुसता बसवून भागत नाही, म्हणून हे पत्र.

लिनक्स बसवणे आता अर्ध्या तासाचे काम आहे. नवखा माणूस अडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. काल छापणारा प्रिंटर आज गप्प असतो, वायफायची यादी रिकामी दिसते, पासवर्ड बरोबर टाइप करूनही आत शिरता येत नाही. मग ‘लिनक्सचे काही खरे नाही’ असे ठरते आणि यंत्रावर परत बेकायदा विंडोज चढते. बहुतेक वेळा कारण एकच असते: काल हाताने जे चालू केले, ते आज आपोआप चालू होण्याची सोय कोणी केलेली नसते, किंवा ती चुकीच्या जागी केलेली असते.

पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) त्यांची अक्षरे आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच टाइप करावे लागतात. स्पेलिंगची खात्री नसेल तर पहिली तीन-चार अक्षरे टाइप करून टॅब दाबावा. उरलेला शब्द आपोआप पुरा होतो. एकाहून जास्त शब्द जुळत असतील तर टॅब दोनदा दाबल्यावर त्यांची यादी येते. उदाहरणे लिनक्स मिंट २२ या लिनक्सच्या एका प्रकाराची आहेत. नवख्याला तो सोपा जातो आणि त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मिंटची सिनॅमन आवृत्ती नेहमीची आणि एक्सएफसीई हलकी. एक्सएफसीई आवृत्तीला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असेल तर काम सुखाने होते.

संगणक सुरू होताना कामे तीन वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. दुकानाचे उदाहरण घ्या. शटर वर गेले की दिवे लागतात, मालक आला असो वा नसो. मालक गल्ल्यावर बसला की तो आपली वही, चष्मा, कॅल्क्युलेटर काढतो. आणि गिऱ्हाईक दारात आले की काही कामे तेव्हाच करायची असतात. लिनक्समध्ये शटर उघडण्याची कामे ‘सिस्टमडी’ ही यंत्रणा करते. ती सर्वाधिकारात चालतात आणि तेव्हा पडदा कोणाच्याच नावावर नसतो. मालक बसण्याची कामे लॉगिन झाल्यावर, त्या माणसाच्या नावाने आणि त्याच्याच अधिकारात चालतात. आणि यूएसबीत काही खोचले की त्याची दखल ‘यूडेव्ह’ घेतो. कुठलेही काम यातल्या कोणत्या वेळेचे आहे हे आधी ठरवावे. प्रिंटरची सेवा, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा कार्यक्रम, लॉगिनच्या यादीत टाकली तर तिला अधिकार मिळत नाही, पासवर्ड विचारायला जागा नसते, आणि ती मुकाट्याने बंद पडते. उलट, खिडकी उघडणारा कार्यक्रम सिस्टमडीकडे दिला तर दाखवायला पडदाच नसतो. क्रॉनटॅब या वेळापत्रकाच्या फाइलमधला ‘ॲट रीबूट’ हा मार्ग नवख्यांना बरेचदा सुचवला जातो. त्यालाही पडदा माहीत नसतो आणि आज्ञा शोधण्याचे मोजकेच मार्ग ठाऊक असतात. रोजची बॅकअपची आज्ञा वगैरे त्यात टाकावी, खिडकीचे काम टाकू नये.

लॉगिननंतरच्या कामांसाठी सिनॅमनमध्ये मेनूत ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’ आहे. खालचे अधिक चिन्ह दाबून ‘कस्टम कमांड’ निवडावे; नाव, आज्ञा आणि किती सेकंदांनी सुरू व्हायचे ते भरावे. हा सेकंदांचा रकाना रिकामा सोडू नये. वायफाय जोडले जायच्या आधीच नेटवर्कवरची फाइल मागणारा कार्यक्रम सुरू झाला तर तो पडतो आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. एसएसडी असेल तर १५ ते २० सेकंद आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर ३० सेकंद द्यावेत. एक्सएफसीईमध्ये ही सोय ‘सेशन अँड स्टार्टअप’च्या ‘ॲप्लिकेशन ऑटोस्टार्ट’ पानावर आहे, पण तिथे उशिराचा रकाना नाही. म्हणून आज्ञेच्या जागी ‘एसएच’, मग वजा ‘सी’, आणि अवतरणचिन्हांत ‘स्लीप २०’, अर्धविराम आणि आपली मूळ आज्ञा असे लिहावे.

या प्रत्येक नोंदीची एक छोटी फाइल घरच्या फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ आणि त्यातल्या ‘ऑटोस्टार्ट’मध्ये तयार होते. हे फोल्डर लपलेले असते. कंट्रोल आणि एच दाबले की दिसते. एखाद्या नोंदीमुळे लॉगिननंतर सगळे अडकून बसले तर घाबरायचे कारण नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबावे, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड द्यावा, ती फाइल काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. नव्याने लिनक्स बसवण्याची गरज नसते.

स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) सुरू होत नसेल तर चार ठिकाणी पाहावे. नोंदीत घरच्या फोल्डरसाठी लाटेसारखे चिन्ह वापरले असेल तर ते तिथे समजत नाही. ‘होम’पासून पूर्ण पत्ता द्यावा लागतो. दुसरे, फाइलला चालण्याची परवानगी नसते. ती ‘सीएचमोड’, अधिक ‘एक्स’ या आज्ञेने द्यावी. तिसरे, फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा चिन्ह असते आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ असा निरोप येतो. ‘डॉस टू युनिक्स’ या छोट्या साधनाने ते जाते. चौथे कारण मराठी वापरणाऱ्यांच्याच वाट्याला येते. संगणकाची भाषा मराठी केली की पुढच्या लॉगिनला ‘डाउनलोड्स’, ‘डॉक्युमेंट्स’ वगैरे फोल्डरांची नावे मराठी करू का, असे विचारले जाते. तिथे जुनी नावे ठेवा हेच उत्तर द्यावे. नाहीतर स्क्रिप्टमधले सगळे पत्ते एका दिवसात खोटे ठरतात. पडद्यावरचे मेनू तरीही मराठीतच राहतात.

आता शटरच्या कामांकडे. ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेचे ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’ हे दोन शब्द नवख्याने पाठ करावेत. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे पुढच्या वेळेपासून संगणक सुरू होताना चालू कर. स्टार्ट केले आणि इनेबल राहिले, की दुसऱ्या सकाळचा घोळ तिथेच तयार झाला. दोन्ही एकदम हवे असेल तर इनेबलनंतर दोन वजा चिन्हे आणि लगेच ‘नाऊ’ लिहावे. काय झाले ते ‘स्टेटस’ सांगते. हिरवे ‘ॲक्टिव्ह’ दिसते की लाल ‘फेल्ड’, आणि त्याच्या वरच्या ओळीत ‘इनेबल्ड’ आहे की ‘डिसेबल्ड’, दोन्ही वाचावे. लोक फक्त हिरवे बघतात आणि संगणक बंद करतात. स्वतःची सेवा लिहायची असेल तर ‘ईटीसी’, त्यात ‘सिस्टमडी’, त्यात ‘सिस्टम’ या फोल्डरमध्ये तीन भागांची फाइल करावी. ‘युनिट’मध्ये कशानंतर सुरू व्हायचे ते, ‘सर्व्हिस’मध्ये ‘एक्झेकस्टार्ट’पुढे आज्ञेचा पूर्ण पत्ता, आणि ‘इन्स्टॉल’मध्ये ‘वाँटेडबाय’पुढे ‘मल्टीयुझर’ हे टार्गेट. हा शेवटचा भाग विसरला तर इनेबल करता येत नाही. फाइल बदलली की दर वेळी ‘डीमन-रीलोड’ द्यावे, नाहीतर जुनीच सूचना चालत राहते.

संगणक सुरू व्हायला वेळ लागतो ही दुसरी तक्रार. ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ या आज्ञेने कोणत्या सेवेने किती सेकंद घेतले ते कळते. पण त्या आकड्यांची बेरीज करू नये, कारण बऱ्याच सेवा एकाच वेळी चालतात. खरी वाट कुणी अडवली ते ‘सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन’ सांगते. वरच्या यादीत ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ बरेचदा सर्वांत वर दिसतो. तो लॉगिन अडवत नसेल तर त्याला हात लावू नये. ब्लूटूथ नसलेल्या यंत्रावर ब्लूटूथची सेवा आणि सिमचा डोंगल वापरत नसल्यास ‘मॉडेममॅनेजर’ खुशाल बंद करावा. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधायचे नसतील तर ‘कप्स-ब्राउज्ड’सुद्धा बंद ठेवावा, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली सुरक्षेची त्रुटी उघड झाली होती. डीबस, यूडेव्ह, नेटवर्कमॅनेजर आणि लॉगिनचा पडदा दाखवणारी सेवा यांना कधीही हात लावू नये.

आणि खरे सांगायचे तर, पाच-सात सेवा बंद करून जे मिळत नाही ते २४० जीबीच्या साध्या एसएसडीने मिळते. रॅम वाढवताना मात्र जुना लॅपटॉप डीडीआर३एल मागतो का ते पाहावे. ती १.३५ व्होल्टवर चालते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते आणि कित्येक लॅपटॉप ती स्वीकारत नाहीत. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि पडदा काळा राहतो. स्वच्छ खोडरबराने पुसल्यावर पडदा परत येतो.

आपल्या भागातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत दोन प्रिंटर फार दिसतात, एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. दोन्ही दणकट, आणि दोन्ही नवख्याला रडवणारे. कारण वेगवेगळे आहे, म्हणून वेगळे सांगतो.

एचपी १०२० मध्ये स्वतःचे फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला कार्यक्रम) कायमचे साठवलेले नसते. दर वेळी वीज आली की संगणकाने ते प्रिंटरला पाठवावे लागते. हे काम ‘एचपीलिप’ हा एचपीच्या ड्रायव्हरांचा संच करतो, पण ते फर्मवेअर कंपनीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये येते. ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा एकदा, इंटरनेट चालू असताना द्यावी आणि अटी मान्य कराव्यात. मग ‘एचपी-सेटअप’ने प्रिंटर जोडावा. खरी खोच पुढे आहे. प्लगइनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. सिस्टीम अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेला आणि प्लगइन मागे राहिले की प्रिंटर रांगेत काम घेतो, पण कागद ओढत नाही. प्रिंटर बिघडला असे समजून लोक तो दुरुस्तीला नेतात. त्याआधी ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा द्यावे आणि प्रिंटर बंद करून चालू करावा. पी१००७, पी१००८ आणि एम१००५ यांनाही प्लगइन लागते.

कॅनन एलबीपी २९०० कंपनीच्या ‘कॅप्ट’ पद्धतीने बोलतो. त्याला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुठल्या प्रिंटरचा ड्रायव्हर देऊन पाहण्यात अर्थ नाही. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो जुना आहे, ६४ बिटच्या संगणकावरही त्याला ३२ बिटच्या काही लायब्ररी लागतात, आणि संगणक व प्रिंटर यांच्यामध्ये ‘सीसीपीडी’ नावाची सेवा सतत चालू असावी लागते. सेवा नीट चालत असेल तर तिची स्थिती विचारल्यावर दोन प्रक्रिया क्रमांक दिसतात. एकच दिसला तर छपाई होणार नाही. सकाळचा घोळ क्रमाचा असतो. संगणक आधी सुरू होतो, सीसीपीडी प्रिंटर शोधते, प्रिंटरचे बटण अजून दाबलेलेच नसते, आणि ‘एलपी०’ नावाची वाट तयारच झालेली नसते. प्रिंटर मागाहून चालू केला तरी सेवा जुन्याच समजुतीत राहते. सर्वांत साधा उपाय म्हणजे आधी प्रिंटर, मग संगणक. ते जमत नसेल तर यूडेव्हचा नियम लिहावा. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेत त्या प्रिंटरच्या ओळीत दोन चार-चार अक्षरांचे क्रमांक असतात, पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा वस्तूचा. ‘ईटीसी’तल्या ‘यूडेव्ह’च्या ‘रूल्स.डी’ फोल्डरात ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये हे क्रमांक देऊन सीसीपीडी पुन्हा सुरू करणारी सेवा जोडावी. यूडेव्हच्या नियमातूनच लांब चालणारी आज्ञा देऊ नये. यूडेव्ह तिला मध्येच मारतो. नियमाने फक्त सिस्टमडीला हाक मारावी. शिवाय प्रिंटरच्या यादीत याच प्रिंटरची आपोआप बनलेली दुसरी नोंद असेल तर ती काढून टाकावी, नाहीतर काम तिच्याकडे जाते आणि हरवते. ज्या दुकानात दिवसभर एलबीपी २९०० वर उतारे आणि दाखले छापायचे आहेत तिथे एवढी तयारी करता येणार नसेल, तर त्या एका संगणकावर लिनक्स लादू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. नवीन वायफाय प्रिंटरांपैकी बहुतेकांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

वायफायचे दुखणे मुख्यतः ब्रॉडकॉमच्या चिपचे. बीसीएम४३१४२ ही चिप बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटला ड्रायव्हर लागतो. हा पेच अँड्रॉइड फोनने सुटतो. फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, संगणकाला काही न बसवता इंटरनेट मिळते. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ब्रॉडकॉम ड्रायव्हर घ्यावा. सिक्युअर बूट (सहीशिवायचे ड्रायव्हर अडवणारी सुरक्षेची सोय) चालू असेल तर या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. संगणक पुन्हा सुरू झाला की निळा पडदा येतो आणि १० सेकंद थांबतो. त्या वेळात कुठलीही कळ दाबून ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा चहा घेताना निघून गेला तर संगणक नेहमीसारखा सुरू होतो, ड्रायव्हर यादीत बसवलेला दिसतो, पण वायफाय येत नाही. त्यासाठी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवावा आणि या वेळी पडद्यासमोर बसून राहावे. त्याआधी ‘आरएफकिल लिस्ट’ पाहावे. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण बंद आहे, ड्रायव्हरचा दोष नाही.

वजनकाटा, बारकोडचे काही वाचक, शाळेतले आर्डुइनो हे यूएसबीवरून सीरियल पद्धतीने बोलतात आणि ‘टीटीवाययूएसबी०’ किंवा ‘टीटीवायएसीएम०’ अशा नावाने दिसतात. ते वापरायला माणूस ‘डायलआउट’ गटात असावा लागतो. आज्ञा आहे ‘सुडो युझरमॉड’, मग वजा चिन्हाला लागून लहान ‘ए’ आणि मोठा ‘जी’, मग गटाचे नाव, मग वापरणाऱ्याचे नाव. यातला लहान ‘ए’ विसरू नये. तो नसेल तर माणूस बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो, सर्वाधिकार देणाऱ्या सुडो गटातूनही, आणि मग स्वतःच्या संगणकावर काहीच बसवता येत नाही. तसे झालेच तर सुरुवातीच्या ग्रब मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘रिकव्हरी मोड’, ‘रूट’ असे जाऊन, डिस्क लिहिण्याजोगी करून त्याला पुन्हा सुडो गटात घालावे. गट बदलल्यावर लॉगआउट करून परत यावे लागते, हेही अनेकांच्या लक्षात राहत नाही. सीएच३४० चिपची केबल खोचल्यावर क्षणभर दिसून नाहीशी होत असेल तर ‘बीआरएलटीटीवाय’ हा ब्रेलचा कार्यक्रम तिला स्वतःचे यंत्र समजून ताब्यात घेतो. त्या संगणकावर ब्रेल वापरात नसेल तर तो काढावा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असेल तर विंडोज पुरते बंदच होत नाही, आणि तिकडचा भाग लिनक्समध्ये फक्त वाचता येतो किंवा उघडतच नाही. दुसरे, विंडोजमधले घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू लागते. बॅटरीचा यात दोष नाही. लिनक्स यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो आणि विंडोज ते स्थानिक समजते. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिले की दोघांचे जमते. घड्याळ साडेपाच तास नव्हे तर कित्येक वर्षे मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सरकारी पोर्टलला असुरक्षित म्हणतो आणि दोष इंटरनेटवर ढकलला जातो.

दुसरी डिस्क आपोआप जोडायची असेल तर ‘एफएसटॅब’ या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये तिचे ‘एसडीबी१’ असे नाव न देता ‘एलएसबीएलके’, वजा ‘एफ’ने मिळणारा यूयूआयडी हा न बदलणारा क्रमांक द्यावा, नाव डिस्क सापडण्याच्या क्रमाने बदलते. पर्यायांत ‘नोफेल’ लिहावेच. ते नसेल आणि डिस्क काढून नेली असेल तर संगणक ९० सेकंद वाट पाहतो आणि शेवटी काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’मध्ये उतरतो. फाइल जतन केली की लगेच ‘सुडो माउंट’, वजा ‘ए’ देऊन पाहावे. चूक तिथेच कळते, सकाळपर्यंत थांबत नाही.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. इथल्या संगणकावर इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषा रोज लागतात. लिनक्समध्ये एकाच वेळी चार कळफलक ठेवता येतात, तेव्हा जागा पुरते. ‘कीबोर्ड’च्या ‘लेआउट्स’मध्ये पहिला नेहमी इंग्रजी ठेवावा, शक्यतो ‘इंग्लिश इंडिया, विथ रुपी’. त्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबले की ₹ उमटते. मराठी पहिली ठेवली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो, ठिपक्यांमुळे दिसत नाही, आणि संगणक ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणत राहतो. दुसरा मराठी इनस्क्रिप्ट, तिसरा कन्नड. इनस्क्रिप्टची खरी किंमत आपल्या सीमाभागात कळते. भारतीय लिप्यांत तेच अक्षर त्याच कळीवर असते. के वर क, एल वर त, जे वर र, मराठीतही आणि कन्नडमध्येही. मराठी शाळेतल्या मुलाने एकदा हा कळफलक शिकला की कन्नड अर्ज टाइप करायला बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. ‘ऱ्या’ लिहिण्यासाठी शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. सरकारी कचेरीत नुडी या कन्नड टायपिंगच्या कार्यक्रमावर हात बसलेल्यांसाठी ‘कन्नड कगप, फोनेटिक’ हा वेगळा कळफलक यादीत आहे, तो घ्यावा. तशाच ध्वनीवर चालणारा मराठी कगपही आहे.

उच्चारावरून अक्षरे सुचवणारी पद्धत हवी असेल तर आयबस हा टायपिंगचा कार्यक्रम बसवावा, पण मग मराठी लेआउट आणि आयबसची मराठी असे दोन्ही ठेवू नये. एकाच्या डोक्यावर दुसरा बसतो आणि भलतेच उमटते. मेनूतल्या ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडून लॉगआउट करून परत यावे. तरी एखाद्या कार्यक्रमात मराठी येत नसेल, तर आयबसचा डीमन लॉगिनच्या यादीत नाही किंवा ‘क्यूटी आयएम मॉड्यूल’ आणि ‘जीटीके आयएम मॉड्यूल’ हे दोन घटक ‘आयबस’ला दाखवत नाहीत, असे समजावे. ते घरच्या फोल्डरातल्या ‘.प्रोफाइल’ फाइलमध्ये लिहावेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली मात्र कुठल्याच कळफलकाने दुरुस्त होत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

लिनक्स बसवून देणाऱ्या दुकानदारांना आणि शाळेत जाऊन हे काम करणाऱ्या तरुणांना आमची कळकळीची विनंती आहे. संगणक ताब्यात देण्याआधी तो तीन वेळा सुरू करून पाहा. पहिल्यांदा नेहमीसारखा, दुसऱ्यांदा प्रिंटर बंद ठेवून मग चालू करून, तिसऱ्यांदा भिंतीवरचा स्विच बंद करून आणि दहा मिनिटे थांबून. प्रत्येक वेळी मराठीत आणि कन्नडमध्ये एक-एक ओळ टाइप करा आणि एक पान छापा. मग एका कागदावर मराठीत लिहून द्या: कोणती सेवा इनेबल केली, कोणता ड्रायव्हर बसवला, एचपीलिपची आवृत्ती कोणती, वापरणाऱ्याला कोणकोणत्या गटांत घातले. तो कागद संगणकाच्या कडेला चिकटवा. पुढे कुणीही दुरुस्तीला आले तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आधारच्या ठशांचे यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन ज्या संगणकावर चालतो, तिथे त्या कंपनीकडून लिनक्सची सोय आहे का हे आधी लेखी विचारून घ्यावे. उत्तर येईपर्यंत त्या संगणकावरचे विंडोज काढू नये.

कळावे,
आपला,
एक संगणक दुरुस्तीकार व प्रशिक्षक, खानापूर, जि. बेळगाव